गाणं, तार आणि पिवळं कापड

१९७१च्या ऑगस्ट महिन्यात आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून दोन बंगाली गाणी लागली. एक पंकज मल्लिकांच्या धीरगंभीर आवाजातलं, दुसरं एका बाहुलीच्या पहिल्यांदा सासरी जाण्याचं. घराघरांत ती ऐकली गेली आणि कोणालाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. वाटण्याचं कारणही नव्हतं. सीमेपलीकडे पूर्व पाकिस्तानात (आजच्या बांगलादेशात) मात्र चितगावच्या परिसरात लपलेल्या तरुणांचा म्होरक्या ट्रान्झिस्टर कानाशी धरून नेमकी हीच गाणी लागण्याची वाट पाहत होता. एका गाण्याचा अर्थ होता, तयारीला लागा. दुसऱ्याचा अर्थ होता, ठरल्या रात्री पाण्यात उतरा. तुकडीतल्या बाकीच्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. गाण्यांचं गुपित फक्त म्होरक्याला सांगितलेलं होतं.

या मोहिमेचं मूळ फ्रान्समध्ये होतं. तुलाँच्या गोदीत पाकिस्तानी नौदलाची ‘मांग्रो’ ही पाणबुडी उभी होती आणि तिच्यावर काही बंगाली खलाशी होते. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात आपल्याच देशाच्या सैन्याने नागरिकांची कत्तल सुरू केली, हे त्यांना परदेशी रेडिओवरून कळलं. मार्च संपता संपता त्यांच्यातले आठ जण पळाले आणि स्पेनमार्गे भारतात पोचले. त्यांना हाताशी धरून भारतीय नौदलाने प्लासीला, भागीरथीच्या काठी, १७५७च्या रणभूमीजवळ गुप्त छावणी उघडली. मोहिमेची सूत्रं हलवणाऱ्यांत कमांडर मोहन नारायणराव सामंत हे प्रमुख होते. सामंत मुळात पाणबुड्यांचे अधिकारी. शिकायला आलेली मुलं बहुतेक कॉलेजातली, नदीकाठच्या गावांत वाढलेली. जीव गेला तर कोणाला जबाबदार धरणार नाही, असं लिहून देऊन ती आली होती. पोटाशी गमछाने सुरुंग बांधून तासन्‌तास पोहायचं, पाण्याखालून जहाजाला भिडायचं, सुरुंग चिकटवायचा आणि आवाज न करता परतायचं, एवढंच शिक्षण.

आता अडचण अशी की चार बंदरांत, एकमेकांपासून दूर लपलेल्या तुकड्यांनी एकाच रात्री घाव घालायचा होता. भरती-ओहोटी आणि गस्त यांचा मेळ बसेपर्यंत तारीख पक्की सांगता येत नव्हती. बिनतारी यंत्र बरोबर दिलं तर ते झडतीत सापडणार, आणि त्यावर बोललं तर शत्रू ऐकणार. ट्रान्झिस्टर मात्र तेव्हा कोणाच्याही हातात असायचा. सरकारी रेडिओवर लागणारं गाणं कोण अडवणार? शत्रूच्या कानावर पडूनही त्याला कळू नये, असा निरोप पाठवायचा याहून चांगला मार्ग मला तरी सुचत नाही.

१५ ऑगस्टची मध्यरात्र उलटल्यावर चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चारही ठिकाणी मुलं पाण्यात उतरली. चितगावच्या तुकडीचा म्होरक्या होता अब्दुल वाहेद चौधरी, तुलाँहून पळालेल्या आठांपैकी एक. पहाटेच्या आत कर्णफुली नदीत स्फोट सुरू झाले. लष्करी सामान घेऊन आलेली ‘अल अब्बास’ आणि ‘होर्मुझ’ ही जहाजं बुडाली. पूर्व पाकिस्तानात सगळं सुरळीत चालू आहे, असं जगाला सांगणाऱ्या लष्करी राजवटीची मोठी पंचाईत झाली, कारण बुडालेली जहाजं लपवता येत नाहीत.

या युद्धाबद्दल आपण पुष्कळ वाचलेलं असतं: रणगाड्यांच्या लढती, कराचीवरचा हल्ला, ढाक्याची शरणागती. मला त्यात सर्वांत ओढून घेतात ते इशारे. इशारा हा दोन बाजूंनी आधी केलेला करार असतो. देणाऱ्याने तो नीट द्यायचा आणि घेणाऱ्याने नीट घ्यायचा. १९७१मध्ये जिथे हा करार पाळला गेला तिथे मूठभर माणसांनी मोठी कामं केली. जिथे तो तुटला तिथे आपल्याच माणसांनी आपली माणसं मारली, आणि हे दोन्ही बाजूंना घडलं.

डिसेंबरचं उघड युद्ध ३ तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी सुरू झालं. पाकिस्तानी विमानांनी अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, अंबाला, आग्रा अशा विमानतळांवर बाँब टाकले. पंतप्रधान इंदिरा गांधी त्या दिवशी कलकत्त्यात होत्या. त्या विमानाने दिल्लीला परतल्या तेव्हा राजधानीत ब्लॅकआऊट होता. मध्यरात्रीनंतर त्यांनी रेडिओवरून देशाला उद्देशून भाषण केलं. मार्गशीर्षातली पौर्णिमा नुकतीच झाली होती, आकाश स्वच्छ होतं आणि चांदणं पिठासारखं पसरलेलं होतं. घरातले दिवे मालवता येतात, चंद्र मालवता येत नाही. आग्र्याला ताजमहालाचा पांढरा घुमट वैमानिकांना दुरून दिसू नये म्हणून तो झाकून टाकला होता.

मुंबईत युद्ध आलं ते काळोखाच्या रूपाने. खिडक्यांवर काळे कागद आणि जाड पडदे, काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून तिच्यावर चिकटवलेल्या कागदाच्या आडव्यातिडव्या पट्ट्या, मोटारींच्या दिव्यांच्या वरच्या अर्ध्या भागाला फासलेला काळा रंग. नागरी संरक्षण दलाचे वॉर्डन रस्त्यावरून फिरत आणि एखाद्या फटीतून उजेडाची रेघ दिसली की खालून ओरडत. मुंबईकराला भोंगा काही नवा नव्हता. गिरणगावात तर दिवसच भोंग्यावर चाले: उठण्याचा, पाळी सुरू होण्याचा, सुटण्याचा. हा भोंगा मात्र वेगळ्या कानाने ऐकायचा होता. वरखाली होणारा, हेलकावे खात ओरडणारा आवाज म्हणजे हल्ल्याचा धोका. एकाच पट्टीत सरळ, लांब वाजणारा म्हणजे धोका टळला. पोरांना हा फरक आधी पाठ झाला. जिन्याखाली, तळमजल्यावर, अंधारात दाटीवाटीने बसलेली माणसं त्या सरळ सुराची वाट पाहत. शहरातल्या सगळ्या बायाबापड्यांनी, गिरणी कामगारांनी आणि वकील-डॉक्टरांनी एकाच वेळी एकाच आवाजाचा एकच अर्थ लावायचा, आणि त्यावर विनातक्रार वागायचं, ही गोष्ट साधी नाही. सैन्याला जी शिस्त लावायला वर्षं लागतात ती इथे दोन-चार रात्रींत अंगवळणी पडली.

घरचा दुसरा इशारा होता तार. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांतला एखादा मुलगा पलटणीत असायचा. पत्र येणं म्हणजे खुशाली. तार येणं म्हणजे मात्र काळजाचा ठोका चुकणं, कारण बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडून तार आली तर ती बहुधा एकाच कारणाने. त्या पंधरवड्यात तारवाला गावात शिरला की तो कोणत्या दाराशी थांबतो इकडे साऱ्या गावाचं लक्ष असे. वाचता न येणाऱ्या आईलाही तो कागद काय आहे हे उघडण्याआधी कळायचं.

तारेबद्दलची हीच धास्ती विशाखापट्टणमला कामाला लावली गेली.

पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांच्यापुढे प्रश्न होता ‘विक्रांत’चा. भारताची ही एकमेव विमानवाहू नौका बॉयलरच्या बिघाडामुळे पूर्ण वेगाने धावू शकत नव्हती, आणि तिला बुडवण्यासाठी पाकिस्तानची ‘गाझी’ ही लांब पल्ल्याची पाणबुडी १४ नोव्हेंबरला कराचीहून निघाली होती. गाझी बंगालच्या उपसागरात असल्याचा सुगावा लागला तो एका किरकोळ वाटणाऱ्या संदेशावरून. चितगावच्या पाकिस्तानी नौदलाकडे कराचीने एका विशिष्ट वंगणतेलाची चौकशी केली होती. ते तेल फक्त पाणबुड्या आणि सुरुंग काढणाऱ्या नौका वापरत. हा संदेश आपल्या लोकांनी पकडला. वंगणतेलाच्या चौकशीतून पाणबुडी ओळखणाऱ्या माणसाचं नाव आपल्याला माहीत नाही, पण त्या युद्धातलं ते एक मोठं काम होतं असं मी मानतो.

कृष्णन यांनी विक्रांतला अंदमानच्या बाजूला दूर लपवलं आणि ती विशाखापट्टणमलाच आहे असा देखावा उभा केला. ‘राजपूत’ ही जुनी विनाशिका विक्रांतचं सोंग घेऊन समुद्रात गेली आणि एवढ्या मोठ्या नौकेला शोभेल इतके बिनतारी संदेश पाठवत राहिली. बाजारात व्यापाऱ्यांकडे धान्य, मांस, भाजीपाल्याच्या प्रचंड मागण्या नोंदवल्या गेल्या. बंदराच्या गावात हेर असणार, हे गृहीत धरूनच. आणि शेवटचा डाव म्हणून विक्रांतवरच्या एका खलाशाच्या नावाने, गुप्त लिपीत न घालता, एक खासगी संदेश सोडण्यात आला: आई अत्यवस्थ आहे, तिची प्रकृती कशी आहे ते कळवा. युद्धकाळात असा संदेश उघडपणे पाठवणं म्हणजे नियमभंग. पण आईसाठी नियम मोडणारा खलाशी कोणालाही खरा वाटेल. कृष्णन यांना माणसाचं मन कळत होतं. कराचीहून गाझीला गेलेल्या संदेशात विमानवाहू नौका बंदरात असल्याची माहिती होती. गळ लागला होता.

३ डिसेंबरच्या रात्री उशिरा राजपूत पुन्हा बंदराबाहेर पडली. पाण्यात संशयास्पद खळबळ दिसली म्हणून लेफ्टनंट कमांडर इंदरसिंग यांनी दोन डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बाँब) टाकायला लावले. मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळात एवढा मोठा स्फोट झाला की शहरातल्या खिडक्यांची तावदानं थरथरली आणि लोकांना भूकंप वाटला. गाझी नव्वदहून अधिक माणसांसह तळाशी गेली. राजपूतच्या डेप्थ चार्जनी की गाझीने स्वतः पेरलेल्या सुरुंगांनी, यावर दोन्ही देशांचं आजही एकमत नाही. ती तिथे का आली, याबद्दल मात्र शंका नाही.

दुसऱ्या रात्री पश्चिमेला, कराचीसमोर, इशाऱ्यांचं पारडं पाकिस्तानच्या विरुद्ध फारच झुकलं. ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन क्षेपणास्त्र नौका बंदरावर चालून गेल्या. या बोटी सोव्हिएत बनावटीच्या, आणि त्यांवरचे लोक रशियात शिकून आलेले. पाकिस्तानी बिनतारी ऐकत असणार हे धरून त्यांनी आपसात रशियन भाषा वापरली. हिंदी आणि इंग्रजी दोन्ही बाजूंना सारखीच कळत होती, तेव्हा इतका साधा उपाय दुसरा नव्हता.

निर्घातचं पहिलं क्षेपणास्त्र ‘खैबर’ या पाकिस्तानी विनाशिकेवर आदळलं. समुद्रावरून झेपावत येणारा तो उजेड खैबरवरच्यांना विमान वाटला, कारण असलं अस्त्र त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी मुख्यालयाला कळवलं की शत्रूच्या विमानांनी हल्ला केला आहे, आणि घाईत आपलं ठिकाणही चुकीचं गेलं. दुसऱ्या क्षेपणास्त्राने खैबर बुडाली. दोनशेहून अधिक खलाशी गेले, आणि जे पाण्यात तरंगत होते त्यांना शोधायला फार वेळ लागला, कारण शोधणारे संदेशात सांगितलेल्या जागी शोधत होते. ‘मुहाफिझ’ या सुरुंगशोधक नौकेला तर संदेश पाठवायलाही सवड मिळाली नाही. ती बुडाल्याचं कराचीला कळलं ते खैबरची माणसं शोधायला गेलेल्या बोटीला तिचे खलाशी सापडले तेव्हा. शत्रूची असली तरी ती माणसंच. रात्रीच्या समुद्रात कोणी येईल या आशेवर हातपाय मारणाऱ्या त्या खलाशांबद्दल वाचताना जीव कासावीस होतो.

या हल्ल्याने कराचीत अशी घबराट पसरली की ६ डिसेंबरला पाकिस्तानी हवाई दलाच्या सेबर विमानांनी आपलीच ‘झुल्फिकार’ ही युद्धनौका भारतीय क्षेपणास्त्र नौका समजून गोळ्यांनी भाजून काढली. आपली नौका आपल्याच विमानांना ओळखू आली नाही. या घटनेचा उल्लेख आपल्याकडे पुष्कळदा विजयी स्वरात होतो. तो तसा होऊ नये, कारण चारच दिवसांनी हाच प्रकार आपल्या बाजूला घडला.

सामंतांकडे आता नवी कामगिरी होती. कलकत्त्याच्या बंदर प्रशासनाने दिलेल्या दोन बोटींवर तोफा चढवून ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ या गनबोटी तयार केल्या होत्या आणि त्यांवर बंगाली खलाशी होते. बांगलादेशच्या नौदलाची ही सुरुवात. बरोबर भारतीय नौदलाची ‘पनवेल’, आपल्या रायगड जिल्ह्यातल्या पनवेलचं नाव धारण करणारी गस्ती नौका. सुंदरबनाच्या खाड्यांतून वर जाऊन मोंगला आणि मग खुलना गाठायचं होतं. आपल्या विमानांकडून चूक होऊ नये याची काळजी आधीच घेतली होती. बोटींना ओळखीची खूण म्हणून पिवळा रंग ठरला. वरून सहज दिसेल असं मोठं पिवळं कापड प्रत्येक बोटीवर पसरलं गेलं. हवाई दलाला खूण ठाऊक होती. करार पक्का होता.

१० डिसेंबरच्या सकाळी मोंगला हाती आलं आणि तिन्ही बोटी खुलन्याकडे निघाल्या. दुपारच्या सुमारास, खुलना शिपयार्ड जवळ आलेलं असताना, आकाशात तीन विमानं दिसली. तोफांवरच्या खलाशांनी मारा करण्याची परवानगी मागितली. सामंतांनी विमानं ओळखली. ती आपलीच होती, भारतीय हवाई दलाची नॅट. गोळीबार करू नका, असा हुकूम गेला. विमानं वळली, खाली आली आणि पद्मावर मारा झाला. ती पुन्हा वळली, आणि या वेळी पलाश सापडली.

त्या क्षणी पलाशवर काय वाटलं असेल? शत्रूची विमानं असती तर तोफा वळवता आल्या असत्या. इथे वरून येणारा आपला, त्याला आपण ओळखलेलं, आणि त्याने मात्र आपल्याला ओळखलेलं नाही. पिवळं कापड जागच्या जागी पसरलेलं होतं. युद्धाच्या धामधुमीत एखाद्या दुव्यापाशी निरोप अडकतो, किंवा ताशी शेकडो मैलांच्या वेगात वैमानिकाला खाली फक्त शत्रूच्या नदीतल्या सशस्त्र बोटी दिसतात, आणि त्यांवरची खूण दिसत नाही. कारण काहीही असो, देणाऱ्याने इशारा दिला होता आणि घेणाऱ्यापर्यंत तो पोचला नव्हता.

पलाशच्या इंजिनखोलीत मोहम्मद रुहुल अमीन हे तंत्रज्ञ होते. बोट सोडण्याचा हुकूम झाला तेव्हा ते खवळले. बोट वाचवता येईल, ती सोडायची नाही, असा त्यांचा हट्ट होता. नुकत्याच जन्मलेल्या देशाच्या नौदलाकडे बोटी होत्याच किती? ते इंजिन चालू ठेवायला खाली राहिले. पुन्हा मारा झाला, इंजिनखोली पेटली. जखमी अवस्थेत ते रूपशा नदीत पडले आणि पोहत काठाला लागले. काठावर रझाकार, म्हणजे पाकिस्तानी सैन्याला साथ देणारे स्थानिक सशस्त्र लोक, उभे होते. त्यांनी त्यांना मारून टाकलं. बांगलादेशने ‘बीरश्रेष्ठ’ हा आपला सर्वोच्च शौर्यसन्मान ज्या सात जणांना दिला, त्यांत रुहुल अमीन आहेत.

सामंतांनी पनवेल वाचवली, पाण्यात पडलेल्यांना उचललं आणि मोहीम सोडली नाही. पुढे त्यांना महावीर चक्र मिळालं. आपल्या शौर्यकथांत पुष्कळदा त्या पदकाचा उल्लेख येतो आणि पिवळ्या कापडाचा गाळला जातो. मला हे चुकीचं वाटतं. रुहुल अमीन कसे गेले हे सांगितल्याने आपल्या हवाई दलाचं शौर्य कमी होत नाही. न सांगितल्याने मात्र त्या माणसावर अन्याय होतो.

त्याच सुमारास उत्तरेला, जमालपूरला, एक विलक्षण पत्रव्यवहार झाला. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी वेढ्यात सापडलेल्या पाकिस्तानी पलटणीच्या प्रमुखाला, लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांना, शरण येण्याबद्दल पत्र लिहिलं. ते घेऊन मुक्तिवाहिनीचा, म्हणजे बंगाली स्वातंत्र्यसैनिकांच्या फौजेचा, एक माणूस जीव मुठीत धरून शत्रूच्या ठाण्यात गेला. त्याला मारहाण झाली, पण उत्तर घेऊन तो परत आला. उत्तराचा कागद बंदुकीच्या एका गोळीभोवती गुंडाळलेला होता. लेखणी चांगली चालवता, आता हातात बंदूक घेऊन भेटा, असा मजकुराचा आशय. गोळी नसती तरी अर्थ कळला असता. त्या रात्री सुलतान यांच्या लोकांनी वेढा फोडण्याचा प्रयत्न केला. दक्षिणेची वाट अडवून बसली होती मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण, म्हणजे ‘जंगी पलटण’. अंधारात तुफान लढाई झाली आणि ११ डिसेंबरला जमालपूर पडलं.

त्याच दिवशी दुपारनंतर टांगाइलजवळ छत्रीधारी सैनिक उतरले. उतरली एकच पलटण, पॅराशूट रेजिमेंटची दुसरी. ही पलटण पूर्वीची मराठ्यांची तिसरी, आणि तेव्हा तिच्या नावापुढे कंसात ‘मराठा’ लिहीत. जगभरच्या वर्तमानपत्रांनी मात्र पाच हजार सैनिक उतरल्याच्या बातम्या दिल्या. आपल्या संरक्षण खात्याच्या प्रसिद्धी विभागाने एका जुन्या सरावाचा, आकाश छत्र्यांनी भरून गेल्याचा फोटो दिला होता. तो कधीचा आहे हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही.

ढाक्यातल्या पाकिस्तानी सेनापतीच्या कानावर तेव्हा काय पडत होतं ते पाहिलं की या फोटोची ताकद कळते. लेफ्टनंट जनरल नियाझी यांना रावळपिंडीहून पश्तूत निरोप मिळाला होता की उत्तरेकडून पिवळे आणि दक्षिणेकडून गोरे येत आहेत. चीन आणि अमेरिका मदतीला धावणार, असा त्याचा अर्थ. त्यामुळे टांगाइलच्या आकाशात छत्र्या दिसल्या तेव्हा चिनी आले, असा काहींचा समज झाल्याचं त्या युद्धाच्या आठवणींत नोंदलेलं आहे. खोट्या आशेचा इशारा पराभवाच्या बातमीपेक्षा जास्त घात करतो. माघार घ्यायची तेव्हा माणूस थांबून राहतो. १२ डिसेंबरला जंगी पलटण टांगाइलला पोचली आणि एकाच मुळातून आलेल्या या दोन पलटणी एकमेकींना भेटल्या.

१४ तारखेच्या सकाळी आणखी एक संदेश पकडला गेला. ढाक्यात दुपारी १२ वाजता गव्हर्नरांची उच्चस्तरीय बैठक होती. गुवाहाटीला विंग कमांडर बिश्नोई यांच्या मिग-२१ तुकडीला लक्ष्य शोधण्यासाठी देता आला तो ढाक्याचा पर्यटकांसाठीचा नकाशा. निघताना कळलं की बैठकीची जागा सर्किट हाऊस नसून गव्हर्नमेंट हाऊस आहे. विमानं वेळेवर पोचली आणि रॉकेटं छतातून सभागृहात घुसली. गव्हर्नर मलिक यांनी तिथेच, हाती लागलेल्या कागदावर बॉलपेनने राजीनामा लिहिला आणि रेडक्रॉसच्या संरक्षणाखाली असलेल्या इंटरकॉन्टिनेन्टल हॉटेलात आसरा घेतला.

त्याच संध्याकाळी नियाझींनी अमेरिकी वाणिज्य दूतावासामार्फत युद्धबंदीचा प्रस्ताव पाठवला. तो ढाक्याहून वॉशिंग्टनला गेला आणि दिल्लीला पोचायला जवळजवळ एक दिवस लागला. त्या एका दिवसात किती जीव गेले असतील याचा विचार वॉशिंग्टनमध्ये कोणी केला होता असं दिसत नाही. १४ डिसेंबर हाच तो दिवस, ज्या दिवशी ढाक्यात प्राध्यापक, डॉक्टर, लेखक, पत्रकार घरांतून उचलून नेले गेले आणि मारले गेले. बांगलादेशात तो आजही शहीद बुद्धिजीवी दिवस म्हणून पाळतात.

भारताचे लष्करप्रमुख जनरल माणेकशा यांनी १५ डिसेंबरच्या संध्याकाळी ५ पासून ढाक्यावरचे हवाई हल्ले थांबवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ९ पर्यंत उत्तर मागितलं. संपर्कासाठी बिनतारी लहरींचे आकडेही कळवले. १६ तारखेच्या सकाळी मेजर जनरल गंधर्व नागरा मीरपूरच्या पुलापाशी पोचले. नागरा पूर्वी पाकिस्तानात भारताचे लष्करी प्रतिनिधी होते आणि नियाझींना ओळखत होते. त्यांनी एका चिठ्ठीवर, जुन्या ओळखीच्या माणसाला लिहावं तसं, पहिल्या नावाने हाक मारून लिहिलं की मी इथवर आलो आहे, आता खेळ संपला आहे, माझ्या स्वाधीन व्हा, मी तुमची काळजी घेईन. पांढरं निशाण लावलेल्या जीपमधून ती चिठ्ठी शहरात गेली. एवढ्या बिनतारी यंत्रांच्या युद्धाचा शेवट हाताने लिहिलेल्या चार ओळींनी झाला. त्या दिवशी दुपारी ४ वाजून ३१ मिनिटांनी रमना रेसकोर्सवर नियाझींनी शरणागतीच्या कागदावर सही केली आणि कमरेचं पिस्तूल काढून भारताच्या पूर्व विभागाचे सेनापती जगजीतसिंग अरोरा यांच्या हाती दिलं. ९३ हजार लोक युद्धकैदी झाले. १७ तारखेला रात्री ८ वाजता पश्चिमेकडची लढाईही थांबली, आणि खिडक्यांवरचे काळे कागद निघाले.

सामंतांनी संदीप उन्नीथन यांच्यासह लिहिलेलं या गुप्त मोहिमेवरचं इंग्रजी पुस्तक २०१९मध्ये आलं. म्हणजे प्लासीच्या छावणीची गोष्ट तिथे काम केलेल्या माणसाकडून ऐकायला आपल्याला जवळजवळ अर्धं शतक लागलं. सेनापतींच्या आठवणी छापल्या जातात. संदेश पकडणारे, तारा पोचवणारे, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रात्रभर बसलेले, भोंगा वाजवणारे आणि गल्लीत दिवे बंद करवणारे लोक मात्र कोणत्याच पुस्तकात येत नाहीत. त्या डिसेंबरमध्ये वीस वर्षांचा असलेला बिनतारी चालक आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. तुमच्या घरात, चाळीत, गावात असं कोणी असेल तर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा: भोंगा कोणत्या इमारतीवर होता, तो कोण वाजवायचं, तार कोण वाचून दाखवायचं, काय ऐकलं आणि कोणाला कळवलं. तारीख आणि जागेसह लिहून घ्या, आणि लिहिलेलं जवळच्या ग्रंथालयात नेऊन द्या.